‘न्यास्रो’ म्हणजे करमत नाही

गेल्या जानेवारीतली गोष्ट. दुपारी जेवणं आटोपून जरा आडवी झाले होते, तोच शाळेतल्या बाईंचा फोन आला. "वहिनी, तुमच्या गुरख्याचा मुलगा आज परत एकाला चावला. दंडावर दात उमटलेत हो! त्या मुलाची आई इथे येऊन बसलीय. म्हणते, याचं नाव काढा, नाहीतर मी माझ्या मुलाचं काढते. आता तुम्हीच सांगा त्याच्या आईबापाला काय ते."

बाईंनी मला फोन करायला कारण होतं. त्याला शाळेत घातलं होतं मीच. आमची हापूसची बाग आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. बागेत नेपाळी जोडपं राखणीला आहे आणि त्यांचा हा सात वर्षांचा मुलगा. त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही. घरी त्याला ‘कान्छा’ म्हणतात. नेपाळीत कान्छा म्हणजे सगळ्यात धाकटा. आपल्याकडे कसं, शेंडेफळाला बाळू नाहीतर छोटू म्हणतात, तसंच.

मी तशीच उठले. चपला घातल्या आणि बागेतल्या खोपीकडे गेले. बाप फवारणीचा पंप धूत होता. मी तोंडाचा पट्टा सुरू केला. "तुम्हारा लडका कुत्ता है क्या? काटता है? स्कूलवाले निकाल देंगे, फिर मेरे पास मत आना!" बापानं पंप खाली ठेवला. संध्याकाळी पोरगा दप्तर घेऊन आला, तेव्हा त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं आणि काड्कन कानाखाली दिली. मग माझ्याकडे बघून हात जोडले. "माफ करना मेमसाब."

पोरगा रडला नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मारलं बापानं होतं, पण ती थप्पड माझीच होती. पगार देणारी मालकीण दारात येऊन आरडाओरडा करते म्हटल्यावर त्या माणसानं दुसरं काय करायचं होतं?

मैत्रिणींनो, किनारपट्टीवरच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. दिवाळी झाली की नेपाळची माणसं आपल्याकडे येतात. मोहर यायच्या आधीपासून ती बागेत असतात. फवारणी, गवत काढणं, रात्री चोरांपासून आणि दिवसा वानरांपासून राखण, मग आंबा उतरवणं, पेट्या भरणं. मे महिना सरत आला की परत जातात. बंदरावर होड्यांवर खलाशी म्हणूनही ती आहेतच. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे यायला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. त्यामुळे ती ‘परदेशातून’ आलीत हे आपल्या लक्षातही येत नाही. आपण सगळ्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणून मोकळे होतो. गोरखा हे नेपाळातल्या एका जिल्ह्याचं नाव आहे आणि आमचा राखणदार त्या जिल्ह्यातला नाहीच, हे मला तो तीन वर्षं बागेत असूनही माहीत नव्हतं. माहीत काय होतं? त्याचा पगार, उचल किती घेतली आणि बॅटरीचे सेल कधी संपले!

शाळाप्रवेशाला काही अडचण आली नव्हती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे (तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला) सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. वयाप्रमाणे जो वर्ग असेल त्यात बसवायचं. तसं कान्छाला दुसरीत बसवलं. मीही वरवर का होईना, मोठं पुण्यकर्म केल्यासारखी चार बायकांत सांगत होते, "आमच्या राखणदाराच्या मुलाला शाळेत घातलं हो!" दार उघडून दिलं, पण आत गेल्यावर त्या पोराचं काय होतं, ते कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत खोपीवर गेले. या वेळी आवाज न चढवता. त्याची आई चुलीपाशी होती. तिची हिंदी माझ्याहून कच्ची. मी खाली बसले आणि विचारलं, "बच्चे को क्या होता है? क्यूं काटता है?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "न्यास्रो लाग्छ."

मला कळेना. तिनं छातीवर हात फिरवला, डोंगराकडे बोट दाखवलं, मोबाइल दाखवला. हळूहळू उलगडा झाला. कान्छाची मोठी बहीण, त्याची दिदी, गावी आजीकडे राहिलीय. दोघांना इथे आणणं परवडत नाही. रविवारी संध्याकाळी बाप त्याला बागेच्या वरच्या अंगाला घेऊन जातो, कारण तिथेच रेंज मिळते. दहा मिनिटं बहिणीशी बोलणं होतं. मग बॅटरी संपते, नाहीतर पैसे, नाहीतर रेंज. फोन मध्येच बंद होतो. रात्री पोरगा जेवत नाही.

न्यास्रो म्हणजे आपल्या माणसाच्या आठवणीनं मन लागत नाही, एकटं एकटं वाटतं. आपण म्हणतो ना, ‘करमत नाही’? अगदी तेच!

मी शाळेत जाऊन बाईंना विचारलं, तो चावतो कधी? बाईंनी आठवून सांगितलं, तर चारपैकी तीन वेळा सोमवार होता. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. आणि त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? ज्याला चावला, तो मुलगा त्याला मधल्या सुट्टीत "ओ शाब जी, ओ शाब जी" म्हणून चिडवत होता. आदल्या संध्याकाळचा तुटलेला फोन आणि वर हे. सात वर्षांचं लेकरू हे सगळं सांगणार कुठल्या भाषेत? मराठीत त्याला ‘पाणी पाहिजे’, ‘बाई, झालं’, ‘याने मारलं’ एवढंच येत होतं. जिथे शब्द संपले, तिथे दात आले.

मला इथे माझं मत स्पष्ट सांगायचंय. परक्या मुलखात आलेल्या मुलाला आपण आधी शिस्त शिकवायला निघतो, मग भाषा, आणि मन सगळ्यात शेवटी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. त्याच्या मनात काय चाललंय त्याला त्याच्याच भाषेतलं नाव मिळालं पाहिजे. ते नाव आपण शिकून घेतलं पाहिजे. शिस्त त्यानंतर येते, आणि बरीचशी आपोआप येते.

हे नुसतं माझं भाबडं म्हणणं नाही. मॅथ्यू लीबरमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये कॅलिफोर्नियात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली आणि मेंदूत काय होतं ते यंत्रानं पाहिलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं, की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग शांत व्हायचा. प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता. पण आपल्या आज्या यंत्राशिवाय हेच करत होत्या. "काय होतंय गो बाय, सांग बघू एकदा, म्हणजे मन हलकं होईल." पण सांगायला शब्द हवेत ना? नवऱ्याशी बिनसलं तर आपण बहिणीला फोन करून मराठीत रडतो. इंग्रजीत रडायला सांगितलं असतं तर?

तशा आपण आपल्या मुलांच्या बाबतीतही फार शहाण्या नाही. पोर रडलं की "गप्प बस, तो बघ पोलीस येतोय." मुलगा असेल तर "मुलीसारखा काय रडतोस?" आणि नाहीच ऐकलं तर चॉकलेट नाहीतर धपाटा. पण आपलं पोर शेवटी आजीच्या कुशीत शिरतं. स्थलांतरित पोराला आजी हजार मैलांवर असते. शिवाय त्याच्या पाठीवर दोन जादा ओझी असतात. एक म्हणजे, घरात सगळ्यात आधी इथली भाषा त्यालाच येते. मग दवाखान्यात आईचं दुखणं डॉक्टरांना तोच सांगणार, दुकानात हिशोब तोच करणार. आईच्या पोटात कुठे दुखतं हे सात वर्षांच्या मुलानं चारचौघांत सांगायचं, विचार करा! दुसरं, मालकासमोर गप्प राहायचं, नाहीतर बाबांचं काम जाईल, हे त्याला कोणी न शिकवता कळतं. कान्छा माझ्यासमोर रडला नाही तो धीट होता म्हणून नव्हे.

शाळेचंही बघा. नेपाळात शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे साधारण आपल्या एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. दिवाळीनंतर तिथलं अर्धं सोडून ही मुलं इथे येतात आणि इथल्या सुट्टीत परत जातात. दोन्हीकडे पोर अर्धंच. दोन्हीकडे नवंच.

मग आम्ही केलं काय? फार मोठं काही नाही. पहिली गोष्ट, मी कान्छाची माफी मागितली. माझ्या मोडक्या हिंदीत, त्याच्या आईबापासमोर. "मैंने गुस्सा किया, मेरी गलती हुई." आई इतकी संकोचली की पदर तोंडात धरला. घरी यांनी ऐकलं तेव्हा म्हणाले, "बागेची राखण ते करतात, आता त्यांच्या पोरांची राखण तू करणार का?" मी म्हटलं, "हो, करीन." बापाला मी एवढंच सांगितलं की यापुढे माझ्यासमोर मुलावर हात उचलायचा नाही आणि माझ्यामागेही नाही. पगाराचा, कामाचा आणि मुलाच्या वागण्याचा काही संबंध नाही, हेही सांगितलं. ते सांगणं फार गरजेचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुसरी गोष्ट बाईंनी केली. वर्गात भिंतीवर राग, भीती, आनंद, दुःख असे चेहऱ्यांचे तक्ते होते. नेपाळीची लिपी आपलीच, देवनागरी. त्यामुळे काम सोपं झालं. कान्छाच्या आईला शाळेत बोलावलं आणि तिला विचारून बाईंनी प्रत्येक चेहऱ्याखाली दुसरा शब्द लिहिला. राग म्हणजे रिस, भीती म्हणजे डर, लाज म्हणजे लाजच! आणि एक चेहरा नवा काढला, त्याखाली लिहिलं, ‘करमत नाही - न्यास्रो’. आई अंगठेबहाद्दर, पण त्या दिवशी वर्गात ती शिकवत होती आणि बाई लिहून घेत होत्या. कान्छाची मान तेव्हा जी ताठ झाली, ती बघण्यासारखी होती. (एक सांगते, नेपाळातही एकच भाषा नाही. कुणाच्या घरी थारू असते, कुणाच्या मगर. तेव्हा आधी विचारायचं, गृहीत धरायचं नाही.)

आधी मुलं फिदीफिदी हसली. पण आठवड्याभरानं एक आपलीच मुलगी उठून म्हणाली, "बाई, मला आज न्यास्रो लागलाय." तिचे बाबा आखातात असतात, दोन वर्षांनी येतात. कोकणातली घरं आपली! कुणाचे आजोबा गिरणीत, कुणाचे बाबा बोटीवर, कुणाचा काका दुबईला. पिढ्यान् पिढ्या मनीऑर्डरीवर जगलेल्या आपल्या मुलांना हा शब्द हवाच होता, फक्त कोणी दिला नव्हता.

तिसरी गोष्ट अंगाची. बाईंनी कान्छाला विचारलं, "रिस कुठे येते तुला?" त्यानं जबड्यावर बोट ठेवलं. दातात! मग ठरलं, दात शिवशिवायला लागले की बाईंना ‘रिस’ एवढा एकच शब्द सांगायचा आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायचं. ही शिक्षा नाही हं, मुभा. तिथे पाणी प्यायचं, हवा तर जुना पेपर टराटरा फाडायचा, आणि आई चूल फुंकते तशी लांब, सावकाश फुंकर मारायची. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की छातीतली धडधड कमी होते. बरं वाटलं की आपणहून वर्गात यायचं. एक नियम मात्र पक्का. राग आला तर चालेल, चावलेलं चालणार नाही. चिडवणाऱ्या मुलालाही बाईंनी चारचौघांत झापलं नाही. बाजूला घेऊन विचारलं, "तुला कुणी तुझ्या नावाऐवजी भलतंच काही म्हटलं तर दातात काय होईल?"

चौथी गोष्ट फोनची. फोन तुटतो याहीपेक्षा पुढचा कधी लागणार हे माहीत नसतं, याचा त्रास जास्त होता. आता बोलण्याआधीच बाप सांगायला लागला, आज इतका वेळ आणि पुढचा फोन अमुक दिवशी. दिदीला काय सांगायचं त्याचं चित्र कान्छा आठवडाभर काढून ठेवायचा. ‘घरी कधी जायचं?’ या रोजच्या प्रश्नाला त्याच्या आईनं फार छान उत्तर शोधलं. तिनं त्याला एक फांदी नेमून दिली. फळ आता वाटाण्याएवढं आहे, मग गोटीएवढं होईल, मग सुपारीएवढं, मग अंड्याएवढं. कोय धरेल, आंबा उतरेल, की आपण निघू. सात वर्षांच्या मुलाला ‘मे महिना’ समजत नाही, पण सुपारी समजते.

जादू झाली असं मी सांगणार नाही. फेब्रुवारीत त्यानं एकाला ढकललंच. पण मार्चमध्ये एका सोमवारी तो स्वतः उठून बाईंपाशी गेला, म्हणाला, "बाई, रिस." आणि पायरीवर जाऊन बसला. बाईंनी मला फोन केला. या वेळी फोनवर आम्ही दोघीही काही वेळ बोललोच नाही.

शेजारच्या बागेतली एक मुलगीही त्याच शाळेत होती. चिऱ्यांचा ट्रक रस्त्यावरून गेला आणि खिडक्या थरथरल्या, की ती वर्गातून बाहेर पळायची. मुलं हसायची, घरचे म्हणायचे अभ्यास टाळते. तिच्या आईला विचारल्यावर कळलं, त्यांचं गाव जाजरकोटचं. 3 नोव्हेंबर 2023 च्या रात्री पश्चिम नेपाळात भूकंप झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली. माणसं झोपेत होती. ती मुलगी पळत नव्हती, जीव वाचवत होती! तिला दाराजवळची जागा दिली आणि ट्रक आला की बाई आधीच मोठ्यानं म्हणू लागल्या, "ट्रक आहे गं, ट्रक." एवढ्यानंही फरक पडला.

अर्थात सगळंच आपल्या हातात नसतं. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवण तोडलं असेल, बोलणंच थांबलं असेल, नव्यानं अंथरूण ओलं करू लागलं असेल, तर बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करत बसू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर 2022 पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत. त्या आईला फोनवर बोलायला जमणार नसेल, तर शेजारी बसून तुम्ही लावून द्या.

तुमच्या गावात आंबा नसेल. पण वीटभट्टी असेल, रस्त्याचं काम असेल, चायनीजची गाडी असेल, सोसायटीच्या दाराशी नेपाळी वॉचमन असेल. त्याच्यामागे कुठेतरी एक मूल उभं असतं. आपण त्याला जुने कपडे देतो, दिवाळीचा फराळ देतो. द्याच. पण एकदा त्याच्या आईला विचारा, तुमच्या भाषेत वाईट वाटतं त्याला काय म्हणतात? आणि तो शब्द घरी येऊन आपल्या मुलांनाही सांगा.

मेच्या शेवटी कान्छाची मंडळी निघाली, तेव्हा मी त्याच्या हातात खाऊची पिशवी दिली. पिशवी घेऊन तो उभाच राहिला. मग मराठीत विचारलं, "तुला न्यास्रो लागेल?" मालकिणीला असं कोणी विचारत नाही. माझ्या घरच्यांनीही कधी विचारलेलं नाही. मी म्हटलं, "हो रे, करमणार नाही."

आता दिवाळी होऊन गेली. आपल्या भाऊबीजेला त्यांच्याकडे भाईटीका असतो, तेव्हा दिदीनं त्याला टिळा लावला असेल. बागेतली खोपी यांनी शाकारून घेतलीय. ती माणसं अजून आलेली नाहीत. परवा शाळेवरून जाताना मी सहज आत डोकावले. तक्ता भिंतीवर आहे. ‘न्यास्रो’तला ‘स्रो’ पुसट झाला होता. बाईंकडून खडू घेतला आणि गिरवून आले.